कपाट उघडताना बाजूला उभे राहा

केदारनाथचे कपाट भाऊबीजेला बंद झाले, ही बातमी दर दिवाळीत येते. ती ऐकली की मला त्या देवाचा हेवा वाटतो. आमचं कपाट 1998 पासून बंद झालेलं नाही.

लोटलेलं असतं, ती गोष्ट वेगळी. संस्कृतात 'कपाट' म्हणजे नुसती दाराची फळी. मराठीने तो शब्द उचलला आणि फळीमागच्या सगळ्या गोतावळ्याला बहाल केला. आमच्या घरात तो अजून जुन्याच अर्थाने चालतो, कारण आमचा सगळा प्रश्न दाराचा आहे. डाव्या हाताने वरच्या कप्प्यातल्या साड्या आत दाबायच्या, उजव्या गुडघ्याने खालची चादर रेटायची आणि श्वास सोडता सोडता हात काढून कमरेने दार लोटायचं. हात लवकर काढला तर साड्या येतात, उशिरा काढला तर बोटं जातात. लग्न होऊन या घरात आले तेव्हा सासूबाईंनी मला दोन गोष्टी जातीने शिकवल्या, पुरणपोळी आणि हे दार. पुरणपोळी माझी अजून फाटते.

1998 का, तर त्या वर्षी माझ्या साड्या या घरात आल्या. त्याआधी कपाट नीट लागायचं, असं नवरा अजून सांगतो. पुराव्यादाखल तो एक जुना फोटो दाखवतो. त्यात कपाट बंद आहे, पण दाराला पाठ टेकून त्याचे काका उभे आहेत. काका सहज उभे होते की नेमलेले होते, ते फोटोवरून कळत नाही.

घर डोंबिवलीत, 430 चौरस फुटांचं. माणसं चार आणि कपाटं दोन. पहिलं लोखंडी, सासूबाईंच्या माहेरहून आलेलं. गोदरेजने 1923 साली लोखंडी कपाटं करायला सुरुवात केली. त्याआधी ते कुलपं आणि तिजोऱ्या करायचे. म्हणजे या जातीच्या कपाटांच्या रक्तातच पहारा आहे, आत आलेलं बाहेर सोडायचं नाही. आमचं साडेसहा फूट उंच, तीन फूट रुंद. आरशाच्या डाव्या कडेला आईंच्या, म्हणजे सासूबाईंच्या, टिकल्या चिकटवलेल्या असतात, मोठ्या वर, बारक्या खाली. आतल्या तिजोरीत दागिने असावेत असा चोराचा समज होईल. तिथे विम्याच्या पावत्या, नाड्या ओवायची सुई, बंद पडलेल्या मिक्सरचं वॉरंटी कार्ड आणि कशाच्या आहेत ते कोणालाच ठाऊक नसलेल्या 11 किल्ल्या आहेत.

दुसरं कपाट सुताराने केलेलं. बिल्डरने बेडरूमच्या कोपऱ्यात एक खांब सोडला होता. त्या खांबाच्या शेजारी जी खाच उरली, तिला दारं लावली की तिला वॉर्डरोब म्हणतात, हे आम्हाला सुताराकडून कळलं. खाच 16 इंच खोल. बाजारातला हँगर 17 इंच रुंद. या एका इंचापायी आमचे सगळे शर्ट गेली कित्येक वर्षं तिरके लटकतायत, सकाळच्या गाडीत कड्यांना धरून उभ्या असलेल्या माणसांसारखे, एक खांदा पुढे आणि एक खांदा मागे.

नवऱ्याला याचं काही वाटत नाही. 26 वर्षं तो डोंबिवलीहून सीएसएमटीला जातोय. तिघांच्या बाकावर चौथा बसतो हे ज्याने पाहिलंय, नव्हे, जो स्वतः तो चौथा आहे, त्याला 'जागा नाही' हे वाक्य समजतच नाही. नवा शर्ट आणला की तो जुन्या शर्टांमध्ये पंजा घालतो, दोन्हीकडे दाबतो आणि खरोखर तोंडाने म्हणतो, 'जरा सरकून घ्या.' आणि शर्ट सरकतात.

हे असंच चाललं असतं. पण मे महिन्यातल्या एका रविवारी चिन्मयने, म्हणजे आमच्या चिरंजीवांनी, घर आवरायचा विडा उचलला. परीक्षा संपली होती आणि मोबाइलवर त्याला घर आवरायला शिकवणारी जपानची मारी कोंडो भेटली होती. 2019 च्या जानेवारीत नेटफ्लिक्सवर तिची मालिका आली, तेव्हा अर्ध्या जगाने कपाटं रिकामी केली होती. आमच्याकडे ती लाट जरा उशिरा पोचली. तिचा पहिला नियम असा, की घरातले सगळे कपडे एकाच ठिकाणी काढून ढीग घालायचा, म्हणजे आपल्याकडे किती आहे ते डोळ्यांना दिसतं.

दिसलं. ढीग डबलबेडवर घातला. तो पंख्याच्या पात्याला लागेल अशी भीती वाटायला लागली म्हणून पंखा बंद केला. कपाटाच्या डोक्यावरच्या सुटकेसा उघडल्या, त्यात कपडे. पलंगाच्या पोटातलं उघडलं, त्यात बोचकी, बोचक्यांत कपडे. एका बोचक्यात नुसती बोचकी बांधायची फडकी निघाली. नवऱ्याचे शर्ट मोजले तर 41 भरले. त्यातले तो 5 घालतो. उरलेले 36 त्या पाचांना काही झालं तर असावेत म्हणून आहेत.

दुसरा नियम आनंदाचा. एकेक कपडा हातात घ्यायचा, आनंद वाटला तर ठेवायचा, नाही वाटला तर त्याचे आभार मानून निरोप द्यायचा. चिन्मयने ढिगातून पहिलं जे हाताला लागलं ते ओढलं. ते त्याच्या बाबांचं बनियन निघालं. काखेत भोक, पाठीवर जाळी, गळा पार पोटापर्यंत उतरलेला.

"बाबा, हे हातात धरल्यावर आनंद होतो का?"

नवऱ्याने ते हातात घेतलं, बोटांनी चाचपलं. "होतो," तो म्हणाला. आणि तो खोटं बोलत नव्हता. तीस पावसाळे धुतलेल्या सुताचा मऊपणा काय असतो, हे त्याच्या चेहऱ्यावर दिसत होतं. मग चिन्मयने प्लास्टिकच्या पिशवीतला सूट काढला.

"आणि हा?"

"छे! गळ्याशी टोचतो. त्यात तो दिवस आठवला की अजून घाम फुटतो."

"त्या दिवशी तुझं लग्न झालं होतं," मी म्हटलं.

जपानी नियमाने बनियन राहायला हवं होतं आणि सूट जायला हवा होता. आम्ही मध्यममार्ग काढून दोन्ही ठेवलं.

मी तरी कुठे धुतल्या तांदळाची होते? माझ्या ब्लाउजचा वेगळा ढीग झाला होता. शिवणीच्या आत शिंपी जे जास्तीचं कापड सोडतो, त्याला शिवणकामात 'माया' म्हणतात. पुढेमागे अंग भरलं तर उसवून वाढवता यावं म्हणून ती सोडायची. माझ्या ब्लाउजमधली माया 2009 सालीच संपली. सगळ्या शिवणी उसवून काठावर आणून ठेवल्यायत, पुढे जायला कापडच नाही. तरी मी प्रत्येक ब्लाउज उलटा करून आत बघत होते, कुठे दोराभर माया उरलीय का. चिन्मय म्हणाला, "आई, यातून आनंद होतोय का तुला?" मी म्हटलं, "गप्प बस आणि कात्री दे."

पैठणीला मात्र कोणी हात लावू नये, हे मी आधीच सांगून ठेवलं होतं. तिला मलमलच्या कापडात गुंडाळावं लागतं आणि दर तीन-चार महिन्यांनी घडी बदलावी लागते, नाहीतर जर त्याच त्या रेषेवर चिरते. डांबराच्या गोळ्या जवळ ठेवायच्या नाहीत. हँगरला लावायची नाही. वर वजन नको. म्हणजे एका कप्प्यात ती एकटी आणि बाकीच्या कप्प्यांत आम्ही चौघं. लग्नानंतर मी ती सात वेळा नेसलेय आणि घड्या किती वेळा बदलल्या ते मोजलेलं नाही.

ढिगाचा खरा तळ लागला तो आहेराचा. खण, ब्लाउजपीस, टॉवेल-टोप्या, उपरणी आणि खोक्यातले शर्टपीस-पँटपीस. हे कपडे नव्हेत, हे चलन आहे. ते शिवायचं नसतं, पुढे द्यायचं असतं. पण देताना ज्याने दिलं त्यालाच परत जाऊ नये, यासाठी हिशेब ठेवावा लागतो. आमच्याकडे तो आई ठेवतात. खोक्याच्या आतल्या बाजूला पेन्सिलीने बारीक अक्षरात कोणी दिलं आणि कसं आहे ते लिहायचं, द्यायच्या आधी खोडायचं. 2006 मध्ये एका मुंजीत आम्ही बिस्किटी रंगाचा शर्टपीस दिला. तेव्हा घाई होती, खोडायचं राहिलं. 2019 मध्ये आमच्याच घरच्या कार्यात, तिसऱ्याच कोणाकडून, तो शर्टपीस परत आला. खोकं उघडलं तर आत आईंचं अक्षर: 'हलका. लांबच्यांना द्यावा.'

मधल्या 13 वर्षांत तो किती घरं फिरला कोण जाणे. पण प्रत्येक घराने ती सूचना वाचून पाळलेली होती. आई बराच वेळ गप्प बसल्या. मग म्हणाल्या, "म्हणजे आपणही लांबचे झालो."

तो पीस अजून आमच्याकडेच आहे. कोणाला द्यावा हे ठरत नाही.

दुपारी दोनपर्यंत 'टाकायचे' या ढिगात एकूण तीन मोजे पडले, तिन्ही वेगवेगळे. चिन्मय वैतागला. त्याला कळेना की इथे अडतंय कुठे. त्याला मी समजावून सांगितलं, की आपल्याकडे कपडा टाकत नाहीत, उतरवतात. बाहेरचा शर्ट जुना झाला की घरातला होतो. घरातला विटला की रंगपंचमीचा. वर्षातून एक दिवस त्याची नेमणूक असते, उरलेले दिवस तो कपाटात बसून पगार खातो. तिथून फडकं, फडक्यातून पायपुसणं आणि शेवटी पोतेरं. प्रत्येक पायरीवर ही गर्दी. आणि त्यात टेरिकॉट आलं की मामला थांबलाच. टेरिकॉटला मरण नाही. ते फाटत नाही म्हणून टाकता येत नाही आणि पाणी टिपत नाही म्हणून फडकंही होत नाही. सासऱ्यांचे चार टेरिकॉटचे शर्ट आहेत. सासरे जाऊन 14 वर्षं झाली, शर्ट खुटखुटीत आहेत.

टाकता येत नाही तर निदान घडी तरी बदलू, असं म्हणून चिन्मयने मारी कोंडोची घडी काढली. टी-शर्टच्या तीन पट्ट्या, मग पुन्हा तीन आणि तो छोटा चौकोन आडवा ठेवायचा नाही, काठावर उभा करायचा. फायलीसारखा. एकावर एक चळत रचली की खालचा शर्ट वर्षानुवर्षं उजेड बघत नाही, उभ्या रांगेत सगळ्यांचं तोंड दिसतं. कल्पना चांगली आहे, मी नाव ठेवणार नाही. फक्त ती ड्रॉवरसाठी आहे. आमच्या कपाटाला ड्रॉवर एकच, त्यात लाइट बिलं. मग चपलांची खोकी आणली, त्यात शर्ट उभे केले. ताटात सुरळीच्या वड्या मांडाव्यात तशी ती रांग दिसत होती. शेजारच्या काकू येऊन बघून गेल्या.

सोमवारी सकाळी सहा पन्नासला नवऱ्याने मधला शर्ट ओढला. सात बाराची फास्ट पकडायची असलेला माणूस शर्ट हळुवार काढत नाही. मधला निघाला तसे दोन्हीकडचे त्या रिकाम्या जागेवर एकदम कलले, गाडीने ब्रेक मारल्यावर कलतात तसे, आणि मग सगळी रांग आडवी. संध्याकाळपर्यंत खोक्यात बोळे होते. आठवड्याभरात खोक्यात चपला होत्या.

"तिनेही सोडलंय म्हणे," चिन्मय जेवताना म्हणाला. 2023 च्या सुरुवातीला मारी कोंडोने स्वतःच सांगून टाकलं होतं, की तिसऱ्या मुलानंतर घर नीटनेटकं ठेवायचा हट्ट आपण बराचसा सोडून दिलाय.

"तिसऱ्यानंतर?" आई म्हणाल्या. "मला पहिल्यालाच कळलं होतं." आणि त्यांनी पहिल्याच्या, म्हणजे माझ्या नवऱ्याच्या, पानात भात वाढला.

पण मुलगा जिद्दी. पुढच्या पगारी, म्हणजे माझ्या पगारी, त्याने हवा काढायच्या पिशव्या मागवल्या. जाड प्लास्टिकची पिशवी, तिला झडप. आत रजई घालायची, चेन ओढायची, झडपेला व्हॅक्यूम क्लीनरची नळी लावायची. मनालीहून आणलेल्या दोन रजया गेली 12 वर्षं आमच्या एका अख्ख्या कप्प्यावर पाय पसरून झोपल्या होत्या. रजई म्हणजे मुख्यतः हवाच, कापूस नावापुरता. नळी लावली आणि बघता बघता ती फुगीर बाई आक्रसत आक्रसत वाळवलेल्या पापडासारखी झाली. आम्ही टाळ्या वाजवल्या. नवऱ्याने तर कपाटातल्या मोकळ्या जागेचा फोटो काढून ऑफिसच्या ग्रुपवर टाकला.

एवढंच, की हवा गेली तरी वजन जात नाही. आणि रजई मऊ असताना सांदीकोपऱ्यात कशीही दडपता यायची, आता ती वरवंट्यासारखी कडक झाली होती. दोन वरवंटे कपाटाच्या मधल्या फळीवर उभे केले, पुढे साड्या लावल्या, दार लोटलं.

आठव्या दिवशी रात्री अडीच वाजता कपाट करकरलं. आधी हळू, मग लांबलचक. आई हॉलमधून ओरडल्या, "कोण आहे?" नवरा उठून बसला. अंधारात कपाटाचं दार आपलं आपण उघडत होतं, इंचाइंचाने, आतून कोणीतरी नेट लावल्यासारखं. मग दोन साड्या पडल्या आणि त्यांच्या मागून ती बाहेर आली. एका पिशवीची झडप सैल होती. आठ दिवस थेंब थेंब हवा आत घेऊन रजई पुरीसारखी टम्म फुगली होती. दिवा लावला तेव्हा अर्धी कपाटात आणि अर्धी बाहेर, खिडकीच्या सीटसाठी चालत्या गाडीत चढणाऱ्या माणसासारखी अडकली होती.

त्या रात्री कोणालाच परत झोप लागेना. मी चहा टाकला. आई पलंगावर बसून बशीत चहा ओतून पीत होत्या आणि त्यांना नायगाव आठवलं. त्यांचं माहेर नायगावच्या बीडीडी चाळीतलं. 160 चौरस फुटांची खोली आणि नऊ माणसं. पत्र्याची एक ट्रंक, भिंतीपासून भिंतीपर्यंत एक दोरी आणि माणशी एक खिळा. "माझा खिळा दाराच्या मागे होता," त्या म्हणाल्या. "दार उघडं असलं की माझे कपडे दिसायचे नाहीत. मला फार बरं वाटायचं." भावाची ऑफिसची पँट रात्री गादीखाली सपाट अंथरायची. जागा वाचायची आणि इस्त्रीही व्हायची. फक्त त्यावर झोपणाऱ्याने कूस बदलायची नाही. तिसऱ्या नंबरच्या मामाला ते जमायचं नाही, त्यामुळे मोठ्या मामाच्या पँटीला नोकरीभर तीन इस्त्र्या असायच्या.

"आणि गरम कपडे?" चिन्मयने विचारलं.

"ते उशीत," आई म्हणाल्या आणि कप ठेवायला उठल्या.

आम्ही ते आठवण म्हणून ऐकलं.

जूनमध्ये बोहारीण आली. तिला पाहून मला वाटलं, जपानहून काही मागवायची गरजच नव्हती. ती जिन्याच्या पायरीवर बसली आणि मी कपडे आणून ठेवत गेले. तिने एकेक शर्ट उजेडाकडे धरला, कॉलरच्या आतून अंगठा फिरवला, बाही दोन्हीकडून खेचली. असा हात तर शर्ट घेताना नवऱ्यानेही फिरवला नसेल. टेरिकॉट बघून ती खूश झाली, सासऱ्यांचे चारही शर्ट तिने मांडीखाली सरकवले. आई आतल्या दारात उभ्या होत्या. काही बोलल्या नाहीत. मी दोन परत काढून घेतले.

नवऱ्याचा सूट मी सगळ्यात शेवटी पुढे केला, हुकमाचा एक्का म्हणून. तिने कोट हातातही घेतला नाही.

"कोट नको, ताई. कोट कोण घालतं?"

"पँट तर घे."

"कमर बघा ना. एवढी कमर कोणाची असते?"

सूट माझ्याच हातात ठेवून ती भांड्यांकडे वळली. चाळीस मिनिटं घासाघीस झाली. 14 कपडे, वर एक चादर, आणि मला मिळालं स्टीलचं एक मोठं पातेलं, झाकणासकट. दार लावल्यावर लक्षात आलं की स्वयंपाकघरात ते ठेवायला जागा नाही. ओट्याखाली आधीची तीन पातेली एकात एक बसली होती आणि त्यांच्यापेक्षा हे एक बोट मोठं. मग ते कपाटाच्या डोक्यावर गेलं. रिकामं भांडं ठेवू नये म्हणून त्यात हातरुमाल आणि मोजे घातले. झाकण घट्ट बसतं, झुरळ जात नाही. आमच्या घरातला सगळ्यात शिस्तीचा कप्पा आज तोच आहे. मोजे हवे असले की नवरा स्टुलावर चढतो आणि झाकण उघडून आत डोकावतो, भात शिजला का बघावं तसा.

मग पावसाळा गेला, दिवाळी गेली, आहेराचे आणखी चार खण आले. डोंबिवलीची थंडी चार दिवसांची असते. ती या वर्षी जानेवारीत एका मंगळवारी रात्री आली. चिन्मय कुडकुडत स्वेटर शोधायला लागला. सुटकेसा उघडल्या, पलंगाचं पोट उघडलं, वरवंट्यासारखी उरलेली एक पिशवी फोडून पाहिली, पातेल्याचं झाकणसुद्धा काढलं. चौघांचे स्वेटर, दोन शाली, नवऱ्याची माकडटोपी, कशाचाच पत्ता नाही. मला वाटलं, चुकून बोहारणीच्या गाठोड्यात गेले.

"आई, तुम्ही कुठे स्वेटर पाहिलेत का हो?" मी हॉलमध्ये जाऊन विचारलं.

आई पांघरुणातून हलल्या नाहीत. नुसता हात बाहेर आला आणि त्यांनी डोक्याखालची उशी दोनदा थोपटली. आता नीट बघितलं तर उशी दिवाळीपेक्षा बरीच उंच झाली होती आणि अभ्र्याच्या एका कोपऱ्यातून निळ्या लोकरीचं टोक बाहेर आलं होतं.

"यातच आहेत सगळे," त्या डोळे मिटूनच म्हणाल्या. "सकाळी देते. आत्ता मान लागलीय."

"अगं आजी, पण थंडी आत्ता वाजतेय!"

"ती रजई घे ना," आई म्हणाल्या. "फुगलेली."